२८ ला बोललं, १७ ला ऐकू आलं : एका छोट्या रेडिओ-उत्पादकाचं प्रकरण

कोल्हापुरात हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाचा, विषय निघतो तो बहुतेक वेळा पावसाळ्याच्या तोंडावर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला. अशा वेळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, गच्चीवर तार ताणून पुण्या-मुंबईपर्यंत बोलता येईल असा, आणि बिघडला तर गावातच उघडून दुरुस्त करता येईल असा सेट हवा, ही मागणी रास्तच आहे. या मागणीला भारतात बनलेलं एक उत्तर आहे : हैदराबादच्या एचएफ सिग्नल्सचा मायक्रोबिटएक्स.

या छोट्या उत्पादकाच्या इतिहासातला एकच पेच इथे घेतला आहे. माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचला, वापरात आला, आणि मग मोजमापात दोष दिसला. तो दोष काय होता, कशामुळे होता, पुढच्या आवृत्तीत काय बदललं, आणि त्या जुन्या आवृत्तीचा बोर्ड आज कोल्हापुरातल्या एखाद्या टेबलावर आला तर तो कसा तपासायचा, एवढी या लेखाची हद्द.

नळाच्या वायसरपासून सुरुवात

अश्हर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांनी २००३ मध्ये बिटएक्स२० नावाचा सर्किट-आराखडा सर्वांसाठी खुला केला. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एसएसबी पद्धतीने (आवाजाच्या संदेशाची एकच बाजू पाठवून) बोलणारा, प्रेषण आणि ग्रहण यांसाठी तेच अँप्लिफायर दोन्ही दिशांनी वापरणारा हा सेट होता. त्यातलं महत्त्वाचं कौशल्य सुट्या भागांच्या निवडीत होतं. टोरॉइड म्हणजे कॉइलचं गोल कडं. ते भारतातल्या गावात मिळत नाही, म्हणून कॉइल नळाच्या नायलॉन वायसरवर गुंडाळायची सोय ठेवली. हा वायसर कोल्हापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ट्रान्झिस्टर असे, की दुकानदाराला नंबर सांगितला की तो ड्रॉवरमधून काढून देईल. शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१०, म्हणजे मुळात वीज चालू-बंद करण्यासाठी बनलेला, रेडिओसाठी नसलेला, पण स्वस्त आणि सोशिक असा मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर.

पुढची तेरा वर्षं हा मुख्यतः आराखडाच होता. लोकांनी आपापल्या हाताने बनवला, सुधारला. २०१६ मध्ये त्यातूनच बिटएक्स४० आला : ७ मेगाहर्ट्झचा, भाग बसवून तयार केलेला बोर्ड, गिऱ्हाइकाने फक्त तारा जोडून डब्यात बसवायचा. थोड्याच दिवसांत त्याला रॅडुइनो नावाची छोटी पाटी जोडली गेली. तिच्यावर आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक-बोर्ड आणि कंप्रता (फ्रीक्वेन्सी) देणारी एसआय५३५१ ही चिप. एसआय५३५१ मुळे मोठा फरक पडला. तोवर घरगुती सेटचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे कंप्रता सरकणं. सकाळी लावलेला सेट दुपारच्या उन्हात किलोहर्ट्झभर हलायचा. ही चिप क्रिस्टलच्या आधाराने एकाच वेळी तीन वेगळ्या कंप्रता देते आणि त्या जागच्या हलत नाहीत.

डिसेंबर २०१७ मध्ये मायक्रोबिटएक्स आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे सगळे हॅम पट्टे, सुमारे १० वॅट, सुरुवातीची किंमत १०९ डॉलर. बोर्डावरच्या टोरॉइडच्या कॉइली हैदराबादमधल्या महिलांचा गट हाताने गुंडाळत असे. हे काम यंत्रावर टाकता येत नाही असं नाही. पण इतक्या लहान कड्यावर, इतक्या थोड्या संख्येसाठी, हातच परवडतो.

सेटच्या पोटात काय चालतं

दोष समजायला एवढं गणित लागतंच, आणि ते अवघड नाही.

बोलताना आवाज आधी १२ मेगाहर्ट्झवर एसएसबी होतो. तिथे क्रिस्टलची शिडी नको असलेली बाजू कापते. मग ३३ किंवा ५७ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (ठराविक कंप्रता देणारा भाग) त्याला ४५ मेगाहर्ट्झवर नेतो : १२ अधिक ३३ म्हणजे ४५, आणि ५७ वजा १२ म्हणजेही ४५. एका वाटेने वरची बाजू मिळते, दुसऱ्या वाटेने खालची. शेवटी तिसरा ऑसिलेटर ४५ वरचा संदेश हव्या त्या पट्ट्यावर उतरवतो. २८ मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर हा ऑसिलेटर ४५ + २८ = ७३ वर ठेवायचा; ७३ − ४५ = २८.

आता गोम इथे आहे. ४५ मेगाहर्ट्झचा संदेश मिक्सरकडे, म्हणजे दोन कंप्रतांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या भागाकडे, जाण्याआधी अँप्लिफायरमधून जातो, आणि अँप्लिफायर कितीही चांगला असला तरी थोडी दुप्पट कंप्रता तयार करतोच. ४५ ची दुप्पट ९०. हे ९० मिक्सरमध्ये ७३ शी भेटले की ९० − ७३ = १७. म्हणजे सेट २८ ला बोलतोय आणि १७ मेगाहर्ट्झलाही कुजबुजतोय. पुढे जो फिल्टर आहे तो लो-पास, म्हणजे ३० च्या वरचं अडवणारा. १७ तर त्याच्या खाली. त्याला अडवण्याचं काही कारणच नाही, तो सरळ अँटेनाला जातो.

नियम असा बसतो : नको असलेली कंप्रता = ४५ वजा बोलायची कंप्रता. २१.२ ला बोललं तर २३.८ ला; हे दोन्ही इतके जवळ की कुठलाच साधा फिल्टर त्यांना वेगळं करणार नाही. १८.१ ला बोललं तर २६.९, इथे २१ मेगाहर्ट्झपर्यंतचा फिल्टर लागतो, त्यामुळे बराचसा अडतो. १४.२ ला बोललं तर ३०.८, हाही अडतो. ७ ला ३८, बिनघोर. म्हणून ज्यांनी हा सेट फक्त ७ मेगाहर्ट्झवर चालवला त्यांना कधी काही जाणवलंच नाही. त्यात त्यांची चूक नाही आणि ज्यांनी तक्रार केली त्यांचीही नाही. दोघं वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजत होते.

दुसरा दोष खालच्या पट्ट्यांवरचा. सेटमध्ये लो-पास फिल्टर चार, आणि कुठला जोडायचा ते रिले (विजेने बदलणारे स्विच) ठरवतात. जुन्या मांडणीत फिल्टरात जाणारी आणि बाहेर येणारी वाट एकाच रिलेच्या शेजारशेजारच्या संपर्कांमधून जात होती. संपर्कांमध्ये दोन-चार पिकोफॅरडचा नको असलेला कपॅसिटर तयार होतो. ३.६ मेगाहर्ट्झला त्यातून काही जात नाही, पण त्याच्या हार्मोनिकला, म्हणजे तिप्पट-पाचपट कंप्रतेच्या नको असलेल्या संदेशाला, तीच फट मोठी होते. फिल्टर उत्तम, पण त्याच्या बाजूने पळवाट. अमेरिकेच्या नियमात अशी घाण मूळ संदेशापेक्षा निदान ४३ डेसिबल खाली हवी. जुन्या बोर्डांवर काही पट्ट्यांना ती मर्यादा सुटत होती.

तिसरी गोष्ट सर्किटच्या आराखड्यातली नव्हती, खरेदीतली होती. पहिल्या बोर्डांवर आवाजासाठी टीडीए२८२२ ही चिप होती. ती १५ व्होल्टपर्यंत चालायला हवी. पण बाजारातून आलेल्या एका मार्कच्या काही चिपा नेहमीच्या पुरवठ्यावरच फुटत होत्या. नंबर तोच, आकार तोच, आतला माल वेगळा.

छोट्या उत्पादकाने काय केलं

हा भाग उद्यमनगर या कोल्हापूरच्या उद्योग-वसाहतीतल्या माणसाने बारकाईने वाचावा असा आहे. मोठा कारखाना असता तर त्याच्याकडे कुठल्या कंप्रतेला किती ताकद ते दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर असता, वेगळा तपासणी विभाग असता. इथे सगळा बोर्ड, त्याचं सर्किट आणि आर्डुइनोचा प्रोग्राम पहिल्या दिवसापासून खुला होता. त्यामुळे ज्या गिऱ्हाइकांकडे मोजमापाची साधनं होती त्यांनी आलेख काढले, कारण शोधलं, आणि जुन्या बोर्डांसाठी उतारेही त्यांनीच सुचवले : कुठला रिले बदलायचा, कुठली चोक बदलायची, कुठे फिल्टर वाढवायचा. सर्किट झाकून ठेवलेलं असतं तर ‘२८ ला बोललं की १७ ला येतं’ इतकीच तक्रार आली असती. ९० चा उगम कुणाला बाहेरून दिसला नसता.

आवृत्त्यांचा क्रम असा. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत ती आवाजाची चिप काढून तिथे सुटे ट्रान्झिस्टर आले. २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत फिल्टर आणि रिले यांची मांडणी बदलली, ४५ मेगाहर्ट्झच्या वाटेवर दुप्पट कंप्रता अडवायची सोय झाली, आणि १२ मेगाहर्ट्झची शिडी ११.०५९ मेगाहर्ट्झवर गेली. २०२० च्या सहाव्या आवृत्तीत स्पर्शाचा रंगीत पडदा आला. पुढे २०२२ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा एसबिटएक्स, आणि २०२५ मध्ये त्याचं छोटं रूप झेडबिटएक्स.

चिपच्या प्रकरणात कोल्हापूरकडून शिकण्यासारखं आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत प्रत्येक ओताला हीट नंबर असतो. कास्टिंगला तडा निघाला की नंबर वाचायचा, त्या हीटचे रासायनिक आकडे काढायचे, आणि त्याच हीटचे बाकीचे नग बाजूला करायचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या कामात ही सवय क्वचित दिसते. ट्रान्झिस्टरची पुडी आली की डबीत ओतली, जुन्यात मिसळली, संपलं. नवीन पुडीतले पाच नग १३.८ व्होल्टवर तासभर चालवून बघायचे, बोटाने तापमान बघायचं, आणि पुडीचा नंबर बोर्डावर मार्करने लिहायचा. एवढ्याने शंभर बोर्डांतले कुठले वीस परत बोलवायचे ते कळतं.

टेबलावर चौथ्या आवृत्तीचा बोर्ड

समजा, असा एक वापरलेला बोर्ड हाताशी आला आहे आणि पावसाळ्याआधी तो चालू करायचा आहे. प्रेषणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं हॅम लायसन्स लागतंच. ते नसेल तर खालचं सगळं डमी लोडवरसुद्धा, म्हणजे अँटेनाऐवजी रेझिस्टर जोडूनसुद्धा, करायला जाऊ नये.

*वीज देण्याआधी.* आयआरएफ५१० चा पत्र्याचा पाठभाग म्हणजे त्याचा ड्रेन, म्हणजे १२ व्होल्टची बाजू. दोन मॉस्फेटचे दोन वेगळे हीटसिंक असतात. ते एकमेकांना किंवा डब्याला टेकता कामा नयेत. हॅम मंडळींचे सर्वांत जास्त मॉस्फेट इथे जळतात : बोर्ड उघडा असताना सगळं ठीक, डब्यात बसवला की हीटसिंक झाकणाला टेकतो. डब्यालाच हीटसिंक म्हणून वापरायचं असेल तर खाली अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि स्क्रूला इन्सुलेटेड बुश. बसवल्यावर मल्टिमीटरने ड्रेन ते डबा मोजायचं, बीप वाजला तर पुढे जायचं नाही.

पुरवठ्याच्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूज आणि फ्यूजनंतर १एन५४०८ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू प्लसला. पुराच्या गडबडीत अंधारात बॅटरीच्या तारा उलट्या लागणं अगदी शक्य आहे. तेव्हा डायोड फ्यूज उडवतो आणि बोर्ड वाचतो.

*डमी लोड.* १ किलोओहमचे, १ वॅटचे, साधे कार्बन किंवा मेटल-फिल्म रेझिस्टर २० नग समांतर. ५० ओहम, २० वॅट. वायरवाउंड चालणार नाही, कारण तो आतून कॉइलच असतो. दोन गोल तांब्याच्या चकत्यांमध्ये रेझिस्टर उभे सोल्डर केले तर तारा सगळ्यात आखूड राहतात. त्यावर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधा मल्टिमीटर पॉवर दाखवतो : १० वॅटला सुमारे ३१ व्होल्ट, ५ वॅटला सुमारे २२. हा डायोड १० वॅटपर्यंतच ठीक; त्यावर उलट दाबाने जातो.

*बायस.* म्हणजे संदेश नसतानाही मॉस्फेट किंचित उघडा ठेवणारा व्होल्ट. इथे घाई नको. आरव्ही२ आणि आरव्ही३ हे दोन्ही प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) घड्याळाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून ठेवायचे. पॉवर अँप्लिफायरच्या वेगळ्या तारेत अँपिअर-मीटर लावायचा. माइक बंद, खोलीत शांतता, पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबायचं. मीटरवरचा आकडा लिहायचा. मग आरव्ही२ हळूहळू फिरवत त्यात १०० मिलिअँपिअरची भर पडेपर्यंत न्यायचं. मग आरव्ही३ तसंच, आणखी १०० ची भर. प्रीसेटच्या बऱ्याचशा फेऱ्यात काहीच होत नाही, आणि मग एका ठिकाणी करंट झपाट्याने चढतो. मॉस्फेटचं दार त्याच व्होल्टला उघडतं. तिथे स्क्रूड्रायव्हर जोरात फिरला की अर्ध्या सेकंदात दोन अँपिअर. म्हणून पहिल्या वेळी पुरवठ्यावर करंटची मर्यादा अर्धा अँपिअर ठेवावी, किंवा बॅटरीच्या मार्गात १२ व्होल्टचा स्कूटरचा बल्ब घालावा. बल्ब उजळला की हात मागे.

दोघांचा बायस समान का? हे दोन मॉस्फेट आळीपाळीने ढकलतात. दोघं समान असले तर दुसरा हार्मोनिक आपसांतच कटतो. एकाला ६० आणि दुसऱ्याला १४० दिला तरी बेरीज २०० च भरते, मीटर खूश, पण दुप्पट कंप्रता बाहेर पडते. म्हणून एकेकाचा वेगळा आकडा लिहायचा, बेरजेवर समाधान मानायचं नाही.

*१७ शोधायला.* टायनीएसएसारखा खिशात मावणारा अ‍ॅनालायझर पुरतो. पण १० वॅट म्हणजे ४० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल). तो थेट लावला तर अ‍ॅनालायझर गेलाच. डमी लोडच्या संदेश येणाऱ्या टोकापासून ८२० ओहमचे तीन रेझिस्टर एकापाठोपाठ, पुढे ग्राउंडला (मायनसच्या बाजूला) ५० ओहम आणि तिथून अ‍ॅनालायझर. हे ४० डेसिबल कमी करतं. त्यापुढे २० डेसिबलचा, π या ग्रीक अक्षराच्या आकाराचा, ताकद घटवणारा अ‍ॅटेन्युएटर : मध्ये २४० ओहम, दोन्ही बाजूंना ग्राउंडला ६२ ओहम. आता अ‍ॅनालायझरकडे उणे २० डीबीएमच्या आसपास पोचतं.

सर्वांत मोठी फसगत पुढेच होते. बरेच जण सोयीसाठी सीडब्ल्यूमध्ये, म्हणजे मोर्सच्या पद्धतीत, मोर्सची चावी दाबून मोजतात, कारण त्यात स्थिर कॅरियर मिळतो. पण या सेटमध्ये सीडब्ल्यूला ४५ मेगाहर्ट्झची वाट वापरलीच जात नाही. एसआय५३५१ थेट पट्ट्याची कंप्रता देतो. त्यामुळे १७ दिसणारच नाही, आणि बोर्ड निर्दोष असल्याचा निकाल लागेल. मोजायचं एसएसबीवरच. मोबाइलवर १००० हर्ट्झचा सूर लावून तो माइकसमोर धरायचा आणि पीटीटी दाबायचं. हार्मोनिक मोजायला मात्र सीडब्ल्यू चालतो, कारण पॉवर अँप्लिफायर आणि लो-पास फिल्टर दोन्हींमध्ये तेच आहेत.

१७ वर शेंडा दिसला तर तो सेटचा की अ‍ॅनालायझरचा? वाटेत आणखी १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घालायचा. शेंडा बरोबर १० ने उतरला तर तो खरा, सेटमधलाच. २० किंवा जास्त उतरला तर अ‍ॅनालायझर स्वतःच भारावून तो तयार करत होता.

शेंडा खरा निघाला तर पहिला उपाय फुकटचा आहे : ४५ च्या वाटेवरची पातळी कमी करणं. ९० ची पातळी ४५ च्या दुप्पट वेगाने उतरते. माइकची पातळी ३ डेसिबल खाली आणली तर हवा तो संदेश ३ ने उतरतो आणि १७ चा ६ ने. म्हणजे फरकात निव्वळ ३ डेसिबलचा फायदा. गेलेली पॉवर पुढच्या टप्प्यात आरव्ही१ या प्रीसेटने थोडी भरून काढता येते. म्हणून ओरडून बोलणारा माणूस या सेटवर जास्त घाण करतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरायचा. एवढ्याने भागलं नाही तर ४५ च्या अँप्लिफायरनंतर, मिक्सरच्या आधी, ९० अडवणारा फिल्टर. तोही जमला नाही तर त्या बोर्डावर २१ आणि त्यावरचे पट्टे बंद ठेवायचे. पुराच्या कामाला ते लागतही नाहीत. त्या कामाला दिवसा ७ आणि रात्री ३.६ मेगाहर्ट्झ हेच उपयोगाचे. ७.१ साठी तारेची एकूण लांबी सुमारे २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १० मीटर. जमिनीपासून पाच-सहा मीटर उंची असली तरी पुरे. कमी उंचीवर संदेश वर जाऊन जवळपास खाली येतो, आणि सातारा, पुणे, मुंबई याच टप्प्यात येतात.

*वाइंडिंग बदलावं लागलं तर.* कोल्हापुरात मोटार-पंपाच्या वाइंडिंगची दुकानं भरपूर, तार सहज मिळते. पण त्या तारेचं एनॅमल उष्णता सोसण्यासाठी बनलेलं असतं. सोल्डरच्या टोकाने ते जळत नाही. वरून सोल्डर चकचकीत बसलेलं दिसतं आणि आत तांबं अलगच असतं. टोकं ब्लेडने चारही बाजूंनी खरवडून, तांबं गुलाबी दिसल्यावरच कथिल चढवायचं, आणि बोर्डावर बसवण्याआधी मीटरने तपासायचं.

तीन तारा एकत्र पिळून गुंडाळायच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकाची अखेर दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडायची असते. तिन्ही तारा एकाच रंगाच्या घेतल्या की इथे हमखास गफलत होते. सुरुवातीच्या तीन टोकांना मार्करने एक ठिपका, अखेरीच्या टोकांना काही नाही, एवढं केलं की चूक होत नाही.

आणि कडं बदलताना रंग बघायचा. फिल्टरमधली पिवळी कडी लोहपुडीची. टी३०-६ वर १० वेढ्यांना जेमतेम ०.३६ मायक्रोहेन्री. जुन्या सीएफएलमधून काढलेलं काळं फेराइटचं कडं आकाराने तसंच दिसतं, पण त्याचं इंडक्टन्स शंभरपट किंवा त्याहूनही जास्त. ते फिल्टरमध्ये बसवलं की डमी लोडवर ३१ च्या जागी एखादा व्होल्ट येतो, मॉस्फेट मात्र तापत राहतात. अशा वेळी मॉस्फेट बदलत बसण्याआधी कडी बघावी.

*डब्यात बंद करताना.* कोल्हापूरच्या जुलैतल्या हवेत प्रीसेट आणि रिलेचे संपर्क वर्षभरात काळे पडतात. पत्र्याचा डबा, आत सिलिकाची पुडी, आणि महिन्यातून एकदा डमी लोडवर पाच मिनिटं चालवणं. रिले खटखटले की संपर्क घासून साफ होतात. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर बोर्डाची आवृत्ती, आरव्ही२ आणि आरव्ही३ चे वेगवेगळे मिलिअँपिअर, ३.६ आणि ७.१ ला डमी लोडवरचे व्होल्ट, २८ ला बोलताना १७ किती डेसिबल खाली, बदललेल्या भागांच्या पुड्यांचे नंबर, आणि तपासणीची तारीख. बॉलपेनची शाई ओलीने पसरते, म्हणून पेन्सिलने.